शिवारातलं आकाश (भाग 7) : गुरू केवढा दिसतो?

दुर्बिणीतून पहिल्यांदा गुरू पाहणाऱ्याचा पहिला शब्द ठरलेला असतो: "एवढाच?" दुसरबीडची गच्ची असो की पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या दुर्बिणीपुढची रांग, फरक पडत नाही. यानांनी ग्रहाजवळ जाऊन काढलेले फोटो मोबाईलवर पाहून आपण आधीच तयार होऊन आलेलो असतो. तेव्हा आज आकडेच मांडू.

माप पंचांगातलंच. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्धा अंश, म्हणजे 1800 विकला. गुरू पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा 45 ते 50 विकलांचा भरतो. शनीचं बिंब जेमतेम 20, कड्यासकट 45च्या आसपास. रुपयाचं नाणं शंभरेक मीटरवर धरा, गुरू तेवढा.

आता हौशी मंडळींकडे सर्रास असते ती दुर्बीण घेऊ: भिंग 70 मिलिमीटर, नाभीय अंतर 700. तिला 10 मिलिमीटरचा आयपीस लावला की 70 पट. 45 विकलांचा गुरू 3150 विकलांचा झाला; नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याच्या पावणेदोन पट! हे सांगितलं तर कोणी मानत नाही. कारण आयपीसमधलं काळं वर्तुळ 50 अंश रुंद असतं आणि त्या रुंदीत असे 57 गुरू ओळीनं बसतील. एवढ्या मोकळ्या मैदानात एकटा पडलेला गुरू लहान वाटणारच.

पटत नसेल तर तोच आयपीस ठेवून दुर्बीण चंद्राकडे वळवा. चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे 1.86 किलोमीटर. चंद्राच्या दक्षिणेकडे टायको नावाचं विवर आहे, व्यास 85 किलोमीटर. पौर्णिमेला त्याच्यापासून पांढरे पट्टे लांबवर गेलेले दिसतात. हे विवर 46 विकलांचं, म्हणजे जवळ आलेल्या गुरूएवढं. केप्लर विवर शनीच्या बिंबापेक्षा थोडं लहान. आणि आपलं लोणार? 1.8 किलोमीटर, म्हणजे जेमतेम एक विकला. 70 मिलिमीटरच्या भिंगाला दीड-पावणेदोन विकलांखालचं वेगळं काढता येत नाही. अख्खं लोणार चंद्रावर नेऊन ठेवलं तरी या दुर्बिणीतून त्याचा पत्ता लागायचा नाही.

खोक्यावर '525 पट' छापलेलं असतं, त्याला भुलू नये. भिंगाच्या मिलिमीटरची दुप्पट, इथे 140, ही वरची हद्द. पुढे बिंब फुगतं, अंधुक होतं, नवं काहीच दिसत नाही. माझं मत विचाराल तर शनीला शंभर पट पुरे.

शंभर पटींत शनीचं कडं बिंबापासून सुटं दिसायला हवं, पण सध्या ते बारीक आहे. मार्च 2025 मध्ये ते आपल्याला अगदी कडेवरून दिसत होतं. आता हळूहळू उघडत जाईल आणि 2032च्या सुमारास सगळ्यात रुंद दिसेल. गॅलिलिओला 1610 मध्ये शनी तीन तुकड्यांचा वाटला होता. हे कडं आहे, हे हायगेन्सनं 1659 मध्ये छापून सांगितलं. गुरूवर दोन तपकिरी पट्टे आणि वर-खाली किंचित दबलेला आकार दिसतो. युरेनस आणि नेपच्यूनही मोठेच ग्रह, पण इतके दूर की पहिला चार विकलांच्या आत, दुसरा अडीचच्या आत. हिरवट-निळसर ठिपका, बस्स.

एका बाबतीत मात्र आपण लंडनवाल्यांच्या पुढे. दुसरबीड 20 अक्षांशावर आहे. गुरू मिथुन राशीत असला की आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो. तिरप्या, जाड हवेतून पाहावं लागत नाही, म्हणून बिंब कमी थरथरतं. घात करतो तो स्लॅब. दिवसभर तापलेली गच्ची रात्री दहापर्यंत गरम हवा सोडत राहते आणि गुरू उकळल्यासारखा दिसतो. पत्र्याजवळ तर विचारूच नका. त्यापेक्षा दुर्बीण शेतात न्या, अर्धा तास उघड्यावर निवू द्या. रात्रीची लाईट आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी तर ती सोबतच न्यावी. वाफा भरेपर्यंत वेळच वेळ असतो. डोळा आयपीसवरून लगेच काढू नका. हवा मध्येच क्षणभर स्थिरावते, पट्टे तेव्हाच उमटतात.

गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत जे ठिपके दिसतात, ते तारे नव्हेत. त्यांच्या रोजच्या जागा वहीत कशा टिपायच्या, ते पुढच्या आठवड्यात.