फेव्हरिट म्हणजे जिंकणारा घोडा नव्हे

शर्यत सुटण्याआधी ज्या घोड्यावर सर्वांत जास्त पैसा लागलेला असतो आणि म्हणून ज्याचा भाव सर्वांत कमी असतो, त्याला फेव्हरिट म्हणतात. ही पदवी रेस क्लब देत नाही, पंच देत नाहीत. ती पैज लावणाऱ्यांच्या पैशातून ठरते. घोडा किती चांगला आहे यापेक्षा लोकांना तो किती चांगला वाटतो, एवढेच ती सांगते. बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्यामुळे होतात.

मौदा-भंडारा भागात शर्यत म्हटली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, डोळ्यांपुढे येतो. पटात प्रत्येक जोडी आपल्या चाकोरीतून धावते, अंतर थोडे असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. नावाजलेली जोडी सहसा नाव राखते. हाच अनुभव घोड्यांच्या शर्यतीला लावला की चूक होते. तिथे अनेक घोडे एकाच धावपट्टीवर एकमेकांची वाट अडवत धावतात. शिवाय हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन दिले जाते, म्हणजे तो इतरांच्या बरोबरीला यावा. नियमच असा असेल तर तिथे ‘पक्का घोडा’ कुठून येणार?

अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, अनिश्चितता आणखी वाढते. या शर्यतीचा उगम आयर्लंडमधला. १७५२ मध्ये कॉर्क परगण्यात दोन घोडेस्वारांनी एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत शर्यत लावल्याचे सांगतात. शिखराला इंग्रजीत स्टीपल म्हणतात; नाव त्यावरूनच पडले. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी ही स्टीपलचेस आहे, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. १९४३ पासून होणारी ही शर्यत २४०० मीटरची, सपाट धावपट्टीवरची आहे. स्टीपलचेसचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील ग्रँड नॅशनल: सुमारे सात किलोमीटर अंतर, तीस उड्या, आणि तीही हँडिकॅप.

१९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ४४ घोडे उतरले होते. तेविसाव्या अडथळ्यापाशी एक बिनस्वाराचा घोडा आडवा आला. मागून येणारे त्याच्यावर आदळले, काही थबकले, काही उलटे फिरले. फॉइनाव्हन नावाचा घोडा इतका मागे होता की स्वार जॉन बकिंगहॅमला गर्दी दिसली आणि फट शोधून पलीकडे जायला वेळ मिळाला. या घोड्याचा भाव होता शंभरास एक, म्हणजे एका रुपयावर शंभरांचा नफा, आणि जिंकला तोच. फेव्हरिट हनी एंड दुसरा आला. त्याआधी १९३५ मध्ये गोल्डन मिलरवर दोनास एक इतका खाली भाव होता. आदल्या वर्षीचा हा विजेता त्या वर्षी शर्यत पुरीसुद्धा करू शकला नाही. याचा अर्थ फेव्हरिट कधीच जिंकत नाही असा नाही. २०१९ मध्ये टायगर रोल फेव्हरिट म्हणूनच जिंकला.

सपाट शर्यतींत फेव्हरिट साधारण तीनपैकी एकदा जिंकतो. इतर कोणत्याही एका घोड्यापेक्षा त्याची शक्यता जास्त असते, हे खरेच. पण त्यावरून ‘फेव्हरिटवर लावत राहिले तर नुकसान नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. टोटचा, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीचा, हिशेब पाहिला की हे उघड होते. समजा, एका शर्यतीच्या विन पूलमध्ये, म्हणजे पहिला कोण येणार यावर लावलेल्या पैशांत, एक लाख रुपये जमले आणि त्यातून वीस हजार कापले गेले. उरलेले ऐंशी हजार जिंकणाऱ्यांत वाटायचे आहेत. फेव्हरिटवर चाळीस हजार लागले असतील, तर तो जिंकल्यावर दहा रुपयांचे वीस मिळतील. या भावात नुसती बरोबरी साधायला त्याने दोनपैकी एकदा जिंकायला हवे. तो तीनपैकी एकदाच जिंकला, तर तीस रुपये लावून वीस परत येतात. घोड्याची चांगली शक्यता भावात आधीच मोजलेली असते. वरून कपात आहेच.

मग आऊटसायडरवर, म्हणजे कमी शक्यतेच्या घोड्यावर, लावावे का? तेही उलटेच पडते. अशा घोड्यांवर लोक प्रमाणाबाहेर पैसा लावतात, हे १९४९ मध्ये ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने दाखवले. पुढे अनेक ठिकाणी तेच आढळले. रुपयामागचे नुकसान अशा घोड्यांवर जास्त होते, फेव्हरिटवर कमी. पण होते दोन्हीकडे.

सर्वांत घातक समजूत रक्कम दुप्पट करत जाण्याची. ‘इतके फेव्हरिट हरले, आता एक तरी येणारच,’ असे म्हणत शंभर, दोनशे, चारशे अशी रक्कम वाढवली जाते. आधीच्या शर्यतींचा हिशेब पुढच्या घोड्याला ठाऊक नसतो. तीनात एक या शक्यतेने सलग सात फेव्हरिट हरण्याची वेळ सुमारे सतरा वेळांत एकदा येते. तोवर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी १२,८०० काढावे लागतात. घरे मोडतात ती अशा आकड्यांनी.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. पण त्यामुळे शर्यतीवरचा पैसा करमुक्त होत नाही. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. महाराष्ट्रातली मुभाही परवानाधारक रेसकोर्सच्या आवारातल्या किंवा सरकारमान्य जागेतल्या टोट आणि बुकीपुरतीच आहे. शंकरपटावर लावलेली पैज किंवा गावातून फोनवर बेकायदा बुकीकडे दिलेला आकडा हा जुगार ठरतो, आणि तिथे जिंकलेले पैसे बुडवले गेले तर भारतीय करार कायद्यानुसार ते न्यायालयातून वसूल करता येत नाहीत.