यंत्रमानव घडविताना गटातील विचारविनिमय

२०१६ साली अटल नवोन्मेष अभियान सुरू झाल्यापासून सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या अनेक शाळांतून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. तेथे मुले गटाने यंत्रमानव घडवितात. कोणी सांगाडा उभारतो, कोणी तारा जोडतो, तर कोणी यंत्रास द्यावयाच्या आज्ञा लिहितो.

काम वाटून देणे सोपे. परस्परांस कळविणे कठीण. एकाने मोठे चाक बसविले व आज्ञा लिहिणाऱ्यास सांगितले नाही, तर यंत्र ठरल्या जागेच्या पुढे जाते. कारण चाक मोठे झाले की एका फेऱ्यातील अंतरही वाढते. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान अशाच चुकीने नष्ट झाले. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे मानले.

यास्तव गटाची एकच वही असावी. तीत तारीख, केलेला बदल, त्याचे कारण व मापासह आकृती असावी. मतभेद झाल्यास वाद न घालता दोन्ही रीती करून पाहाव्यात.

प्राथमिक शाळेत पुठ्ठा व बाटलीची झाकणे यांच्या गाडीवरही हा पाठ घेता येईल. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की दाखवून पाणी, चाक व जाते यांचा संबंध मुलांकडूनच वदवून घ्यावा.

जे मूल गप्प असते, त्यास शिक्षकांनी प्रथम विचारावे. दोष पुष्कळदा त्याच्याच ध्यानी आलेला असतो.