घटसर्पाच्या जंतूचे शर्करा-कवच

पावसाळा सुरू झाला की घटसर्पाची साथ उद्भवण्याचा धोका वाढतो. गाईबैलांपेक्षा म्हशी या रोगास अधिक बळी पडतात. जनावरास एकाएकी तीव्र ताप चढतो, तोंडातून लाळ गळते, गळ्यास सूज येते, श्वास घेताना घरघर होते आणि पुष्कळदा एका दिवसातच ते दगावते. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा जंतू एवढ्या मोठ्या जनावरास इतक्या लवकर कसा लोळवितो, हे प्रत्येक पशुपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पाश्चुरेला मल्टोसिडा हा या रोगाचा जंतू होय. त्याच्या अंगाभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे आवरण असते. ही शर्करा उसाच्या साखरेप्रमाणे गोड नसते. भेंडी चिरताना हातास जो बुळबुळीत चीक लागतो, त्या जातीची ती असते. जनावराच्या शरीरात भक्षक पेशी सदैव पहारा करीत असतात व आत शिरलेल्या जंतूस धरून गिळतात. परंतु अशा आवरणाचा जंतू त्यांच्या तावडीत सहजासहजी सापडत नाही. तो रक्तात झपाट्याने वाढतो आणि त्याच्या विषाने जनावर मरते.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या जंतूची आवरण धारण करण्याची शक्ती काढून घेतली. तेव्हा असा उघडा जंतू उंदरांच्या रक्तातून लवकरच नाहीसा झाला. आवरण असलेला जंतू मात्र वाढतच राहिला.

यावरून औषधाची एक नवी दिशा दिसते. जंतूस मारण्याऐवजी त्याचे कवच काढून घ्यावे, म्हणजे शरीर आपले काम स्वतःच करील. ही कल्पना जुनी आहे. १९३० साली अमेरिकेत एव्हरी व डुबॉस यांनी मातीतील एका जंतूपासून असे पाचक द्रव्य मिळविले की, ते न्यूमोनियाच्या एका जातीच्या जंतूचे आवरण विरघळवीत असे. त्यायोगे रोगाची लागण केलेले उंदीर वाचले. तथापि प्रत्येक कुलपास जशी निराळी किल्ली, तसे प्रत्येक आवरणास निराळे द्रव्य लागते. घटसर्पावर असे औषध अद्याप आपल्या हाती आलेले नाही.

तोपर्यंत लस हाच खात्रीचा उपाय होय. लसीमुळे रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. ती जंतूस चिकटली म्हणजे भक्षक पेशींना त्यास पकडणे सोपे जाते. मात्र यास काही दिवस लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच, दरवर्षी, सर्व जनावरांस लस टोचून घ्यावी. ग्रामसेवकांनी गावातील एकही म्हैस वगळली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. लक्षणे दिसताच आजारी जनावर वेगळे बांधून पशुवैद्यास तात्काळ बोलवावे. प्रतिजैविकांचा गुण पहिल्या काही तासांतच येतो.