खात्री कसली, अहवाल कुणाचा?

'३०-३०' योजना आपल्या जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. बिडकीन परिसरातल्या शेतकऱ्यांनी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या ('डीएमआयसी') भूसंपादनाचा मोबदला भरघोस परताव्याच्या आशेने तिच्यात घातला आणि २०२२ मध्ये प्रकरण पोलिसांत गेलं. परताव्याची हमी देणं हेच मुळात दिशाभूल ठरतं. बाजारातल्या गुंतवणुकीवर तशी हमी द्यायला 'सेबी'कडे नोंदणी असलेल्या सल्लागारालाही मुभा नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने, तर संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो.

दुसरी लबाडी सभ्य दिसते, म्हणून खपून जाते. मोठ्या ब्रोकरेजच्या अहवालातले तक्ते उचलायचे, खाली स्वतःचं नाव घालायचं आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं. गुंतवणूक व्यावसायिकांच्या सीएफए इन्स्टिट्यूट या संस्थेची आचारसंहिता अशा वाङ्मयचौर्याला दिशाभुलीतच मोजते. मान्यताप्राप्त संस्थेची निव्वळ आकडेवारी श्रेय न देता वापरली तरी चालते. दुसऱ्याचं विश्लेषण किंवा अंदाज मात्र नाही. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा अहवाल कंपनी वापरू शकते, पण जुनाच अहवाल नव्या विश्लेषकाने एकट्याच्या नावाने पुन्हा काढायचा नाही. आपल्याकडे हा नियम किती कार्यालयांत पाळला जात असेल, शंकाच आहे.