गाडीची उंची कोण ठरवते?

आमच्या एका शिक्षक-स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड गाडी आहे. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेरल्डची ही भारतीय आवृत्ती १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. पुढच्या स्प्रिंगा गंजल्या म्हणून त्यांनी जाड तारेच्या नव्या बसवून घेतल्या. गाडी तीनएक सेंटिमीटर उंच झाली. गतिरोधकावर आता पोट घासणार नाही, म्हणून ते खूश झाले. पण एक नवीच तक्रार सुरू झाली. गतिरोधकावर चढताना गाडी शांत असे. उतरताना मात्र पुढून 'खट्ट' असा लोखंडी आवाज येई. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला : "शॉकअब आखूड पडतायत, लांब घाला." हा सल्ला कितपत बरोबर, हे पाहण्याच्या निमित्ताने थोडे भौतिकशास्त्र आपण उजळून घेऊ.

हेरल्डच्या पुढच्या चाकांशी शॉक ॲब्सॉर्बरची नळी मध्ये आणि तिच्याभोवती स्प्रिंग अशी एकत्र जोडणी असते. हिलाच कॉइलओव्हर म्हणतात. दोन्ही वस्तू एकाच जागी असल्यामुळे त्यांची कामे एकच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ती अगदी वेगळी आहेत. गाडीचे वजन तोलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बरमधला दट्ट्या तेलातून सरकतो, आणि तेलाचा विरोध दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो. गाडी स्थिर असली की वेग शून्य, म्हणून विरोधही शून्य. (वायू भरलेल्या प्रकारात थोडा रेटा असतो, पण तो स्प्रिंगच्या मानाने अल्प.) तेव्हा गाडी किती उंच उभी राहील हे स्प्रिंग ठरवते, शॉक ॲब्सॉर्बर फक्त हेलकावे शमवतो, आणि चाक किती वर-खाली जाऊ शकेल याची मर्यादा घालतो.

आता आकडे घेऊ. ते सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, पुढच्या एका चाकावर गाडीचा १८० किलोग्रॅम भार आहे. स्प्रिंग चाकापाशी नसून आतल्या बाजूला, भुजेच्या मध्याजवळ बसवलेली असते. चाक १० सेंटिमीटर वर गेले तर स्प्रिंग ६ सेंटिमीटरच दाबली जाते, असे समजू. तरफेच्या नियमाने स्प्रिंगवरचा भार १८० ÷ ०.६, म्हणजे ३०० किलोग्रॅम होतो.

रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण सर्वच शिकवतो : ताण किंवा दाब भाराच्या प्रमाणात. जुनी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला ३० किलोग्रॅम भार लागत असेल, तर ती १० सेंटिमीटर दबेल. नव्या स्प्रिंगची लांबी तीच, पण तिला ३७.५ किलोग्रॅम लागत असतील, तर ती ८ सेंटिमीटरच दबेल. फरक २ सेंटिमीटरचा. चाकापाशी तो २ ÷ ०.६, म्हणजे ३.३ सेंटिमीटर. गाडी तेवढी उंच झाली!

शॉक ॲब्सॉर्बर मात्र तोच राहिला. पूर्ण मिटलेला असता त्याची लांबी २४ आणि पूर्ण उघडलेला असता ३४ सेंटिमीटर आहे, असे धरू. जुन्या स्प्रिंगवर गाडी उभी असताना ही लांबी २९.५ होती : मिटायला ५.५ आणि उघडायला ४.५ सेंटिमीटर जागा. नव्या स्प्रिंगने ती ३१.५ झाली. आता मिटायला ७.५, पण उघडायला फक्त २.५. म्हणजे चाक पूर्वी ७.५ सेंटिमीटर खाली लोंबू शकत होते, ते आता ४.२ वरच अडते. गतिरोधकावरून उतरताना चाक झपाट्याने खाली जाते, दट्ट्या टोकाला आदळतो, आणि 'खट्ट'. चढताना चाक वर जाते. त्या बाजूला जागा वाढलेली, म्हणून आवाज नाही.

मग लांब शॉक ॲब्सॉर्बर घालावा काय? येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. दट्ट्याचा प्रवास वाढवायचा तर नळीही लांब हवी. वरच्या उदाहरणात १० सेंटिमीटर प्रवासाचे १३ केले, तर मिटलेली लांबी २७ आणि उघडलेली ४० होते. उघडायला ८.५ सेंटिमीटर मिळतात, पण मिटायला ४.५ च उरतात. पाच माणसे बसली की त्यातलेही काही संपतात. शिवाय दट्ट्या तळाला टेकण्यापूर्वी रबरी बफर लागलाच पाहिजे. नाहीतर धक्का सरळ सांगाड्याला बसतो. साधारणपणे गाडी उभी असताना निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक प्रवास मिटण्यासाठी शिल्लक असावा.

आणखी एक धोका आहे. चाक अधिक खाली लोंबू लागले तर त्याला जोडलेली ब्रेकची रबरी नळी पुरेल का? आमच्या स्नेह्यांनी स्प्रिंग काढून, चाक जॅकने वर-खाली करून पाहिले. नव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकाला पोचण्याआधीच नळी ताणली जात होती. लांब शॉक ॲब्सॉर्बरचा बेत तेथेच संपला. हे काम घरी करू नये. चाक लोंबकळत असतानाही आपल्या उदाहरणातली स्प्रिंग ५.५ सेंटिमीटर, म्हणजे दोनशे किलोग्रॅमहून अधिक भाराने दाबलेली असते. ती निसटली तर जिवावर बेतू शकते.

उरले दोन मार्ग. आटे असलेल्या कॉइलओव्हरवर स्प्रिंगची खालची बैठक २ सेंटिमीटर खाली फिरवली, की शॉक ॲब्सॉर्बर पुन्हा २९.५ वर येतो. स्प्रिंग मात्र ताठच राहते. आपल्या आकड्यांनुसार गाडीचे हेलकावे मिनिटाला सुमारे ७३ होते, ते ८२ होतात, आणि धक्के अधिक जाणवतात. दुसरा मार्ग मूळ मापाच्या स्प्रिंगा घालण्याचा. स्नेह्यांनी तो पत्करला. आवाज थांबला. गतिरोधकावर आता ते गाडी हळू चालवतात! मागची बाजू उचलण्याचा विचार तर त्यांनी सोडूनच दिला. हेरल्डचे मागचे अर्धे आस मध्यापाशी झुलतात. गाडी उचलली की चाकांचे तळ आत झुकतात आणि वळणावर पकड सुटण्याचा धोका वाढतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पट्टीचे एक टोक खिळ्यावर फिरते ठेवा. खिळ्यापासून ६० टक्के अंतरावर तिला स्प्रिंगने वरून टांगा आणि मोकळ्या टोकाला वजने अडकवा. तीच स्प्रिंग पट्टीच्या टोकापाशी बांधली असता जेवढी ताठ वाटते, त्याच्या ०.३६ पटच ताठ आता वाटेल. ०.६ चा वर्ग का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. भारासाठी एकदा, अंतरासाठी एकदा!

आणि जुनी गाडी उघडण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा फसवते. आमच्या स्नेह्यांनी ते मोजले असते, तर स्प्रिंगा दोनदा घ्याव्या लागल्या नसत्या.