हेलकाव्यांची गणती

श्रावणाची झड एकदा सावित्रीच्या खोऱ्यात बसली, की महाड-पोलादपूरकडील बेंजो-पथकांना गणेशोत्सवाच्या तालमींचे वेध लागतात; अशाच एका दुपारी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत, प्रतिध्वनी शोषला जावा म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या माजघरात, विजेच्या दोन बेंजोंचे पहिले ध्वनिमुद्रण पाहण्याचा योग मला आला. वादक नात्याने काका-पुतणे.

कोकणात ज्याला बेंजो म्हणतात तो वस्तुतः बुलबुलतरंग. १९१२ साली जपानातील नागोया येथे गोरो मोरिता याने सिद्ध केलेल्या तैशोगोतोचा हा वंशज. डाव्या हाताने कळ दाबली म्हणजे तार हव्या त्या लांबीवर अडते, उजव्या हातातील नखी तिला छेडते, आणि लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात त्या पोलादी तारेच्या कंपनाने विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो; इलेक्ट्रिक गिटारचे मर्मही हेच.

मुद्रणाच्या सरंजामापेक्षा सूर मिळविण्यातच अधिक वेळ गेला. एका तारेची कंपने सेकंदास ४४० आणि दुसरीची ४३८ असली, तर दोन्ही एकत्र वाजताना नाद सेकंदाला दोनदा फुगतो व ओसरतो. खुंटी पिळावी तसतसे हे हेलकावे मंदावतात आणि सूर जुळताच विरून जातात. मिरवणुकीत ढोलांच्या गजरापुढे या सूक्ष्म भेदाची दखल घेण्यास कोणाला सवड असते? या दोघांनी मात्र ढोलालाच रजा दिली होती. मिनिटास १२० मात्रांची लय म्हणजे सेकंदास दोन मात्रा, हा हिशेब मनाशी पक्का करून पुतण्याने आपली तार काकांच्या तारेहून बेताने उतरवली. दोघांनी एकदमच छेड घेतली, आणि तिची आस संपेपर्यंत त्या दोन तारांतील बेबनावच ठेका धरून राहिला. आयुष्यभर वरातींतून तार चढवीत आलेले काका मांडीवर बोटाने मात्रा मोजीत होते.

चौथ्या खेपेस, वाजवून वाजवून सैल पडलेल्या तारेने दगा दिला.

"काका, तीन झाले," पुतण्या हळूच म्हणाला.

"मग चढव की जराशी. पण पुरती मिळवू नकोस हो!"

तेवढ्यात पत्र्यावर सर कोसळली. मुद्रण थांबले, काकांचे बोट मात्र थांबले नाही.