अद्ययावत करण्याचा अधिकार कोणाचा?

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी निळे पडलेले पडदे आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास सर्वांनीच पाहिले. परंतु हे ज्यामुळे घडले ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची सदोष फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ ला सुटून १०.५७ ला मागे घेतली जाईपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख यंत्रांपर्यंत पोहोचली, यापेक्षाही मला विलक्षण वाटते ते हे की, ज्या ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याची तजवीज केली होती, त्यांनाही तिचा फायदा झाला नाही; कारण तो बंदोबस्त मुख्य प्रोग्रामपुरता होता आणि या फाइलींना त्याचा अंमल लागू नव्हता. पुढच्या बुधवारच्या प्राथमिक अहवालात कंपनीने यापुढे टप्प्याटप्प्याने वितरण करण्याचे मान्य केले. उशिरा का होईना!

पवईच्या आयआयटीत फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने घडविलेले, पूर्वी ऑस्कॅड या नावाने ओळखले जाणारे ईसिम हे सर्किट-आराखड्यांचे मुक्त सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा अधिकार कोणाचा या प्रश्नाचे आपल्या परिसरातले उदाहरण होय. त्यातले रेखाटन कायकॅडचे, गणित एनजीस्पाइसचे, डिजिटल भाग जीएचडीएलचा. आणि मौज अशी की, कायकॅड आपल्या अंगच्या सिम्युलेशनसाठी पुन्हा एनजीस्पाइसचाच आधार घेते. उबुंटूवर हा सारा संच एका स्क्रिप्टच्या हुकुमाने बसतो. बसविणे सोपे, पण पुढे एका घटकाची आवृत्ती बदलली असता ती इतरांशी जुळेल किंवा कसे, हा हिशेब संगणकशास्त्राने अत्यंत बिकट ठरविलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो, आणि सॉफ्टवेअरचे घटक बसविणारा व बदलणारा पॅकेज मॅनेजर निवडणे म्हणजे तो हिशेब कोणाच्या स्वाधीन करावा हे ठरविणे.

यावर मला मोह पडतो तो एल्को डोल्स्त्रा यांच्या निक्स या पॅकेज मॅनेजरचा. २००६ साली उत्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी असे मांडले की, जुन्यावर नवे लिहूच नये. प्रत्येक पॅकेजला, ते ज्या ज्या सामग्रीतून सिद्ध झाले तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक देऊन स्वतंत्र दालनात ठेवावे, म्हणजे एनजीस्पाइसच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतील आणि नवी बिघडली तर केवळ निर्देश बदलून जुनीकडे परतता येईल. डिस्कवर जागा भरपूर लागते, आणि निक्सची भाषा शिकणे हे नवशिक्याला शिक्षेसारखे वाटते, हे मात्र खरे.

डेबियन या लिनक्स वितरणाची रीत याहून संथ: अस्थिर, परीक्षाधीन, स्थिर अशा पायऱ्यांची; तिची आजवर पुष्कळ थट्टा झाली. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेले चोरदार, लॉगिनला अर्धा सेकंद अधिक का लागतो या शंकेतून अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणले, तेव्हा ते परीक्षाधीन शाखेपर्यंत आले होते, स्थिर शाखेत शिरले नव्हते. थट्टा करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपुरते माझे मत असे: पाया डेबियनच्या स्थिर शाखेचा असावा, ईसिमचे घटक स्वतःच्या स्वाक्षरीबद्ध भांडारातून यावेत, नवे पॅकेज आधी दोन यंत्रांवर आणि आठवड्याने इतरांवर उतरावे, आणि विचारल्यावाचून स्वतःला बदलून घेणाऱ्या प्रोग्रामांना, त्यांचा विक्रेता कितीही नामांकित असो, मज्जाव असावा. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र आठवड्याची सवड देता येणार नाही. त्यांच्यासाठी ती दोन यंत्रे एक दिवस अडवून ठेवली तरी पुरे.